वाइनचं फर्मेंटेशन दर वाईट सीझनला शेवटी येऊन अडकतंय? डीएपी (यीस्टला नायट्रोजन पुरवणारं मीठ) ओतायच्या आधी हे वाचा

प्रॉब्लेम असा असतो. लाल वाइन, बहुतेक वेळा शिराझ जातीच्या द्राक्षांची, सुरुवात एकदम जोरात, चार-पाच दिवसांत ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) २४ वरून ६-७ वर येतो, सगळे खूश, आणि मग काटा रेंगाळतो. दोन दिवस ५, परत ५, मग ४.५, आणि टाकीच्या तोंडाशी नाक नेलं की सडक्या अंड्याचा वास. चांगल्या वर्षी हे होत नाही. ज्या वर्षी पावसाने बाग धुतलेली असते त्याच वर्षी होतं, आणि नेमकं त्याच वर्षी माल कमी असतो म्हणून एक टाकी गेली तरी वर्ष गेलं.

मी ठाण्यात राहते, नोकरी महापेला एका कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, आणि दिंडोरी तालुक्यात आमच्या घरची छोटी वाइन द्राक्षाची बाग आहे ती माझा चुलतभाऊ बघतो. वाइन तिथल्याच एका छोट्या लायसन्सवाल्या वायनरीत टाक्या भाड्याने घेऊन होते. (घरात गुपचूप बरणीत करायचा विचार असेल तर ते सोडा, १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय वाइन करता येत नाही.) म्हणजे माझं काम बरंचसं फोनवरचं, तिकडून "ताई, टाकी परत थांबली" असा मेसेज आला की इकडून मी विचारायला सुरुवात करते. तेच प्रश्न इथे क्रमाने लिहितेय कारण क्रम महत्त्वाचा आहे, बहुतेक लोक उपायापासून सुरुवात करतात आणि मोजायचं राहूनच जातं.

सगळ्यात पहिला प्रश्न, खरंच अडकलंय का? मोजलं कशाने? रिफ्रॅक्टोमीटरने मोजलं असेल तर तो आकडा विसरा. बागेत मण्याचा ब्रिक्स बघायला ते यंत्र उत्तम आहे, पण एकदा अल्कोहोल तयार व्हायला लागलं की अल्कोहोल पण प्रकाश वाकवतं आणि आकडा फुगून दिसतो, इतका की २४ ब्रिक्सपासून सुरू झालेली आणि पूर्ण कोरडी झालेली वाइनसुद्धा त्यात साताठ दाखवते. म्हणजे संपलेली वाइन अडकलेली वाटते आणि लोक त्यात नवीन यीस्ट टाकत बसतात. फर्मेंटेशन सुरू झालं की हायड्रोमीटरच वापरायचा, आणि त्याचं पण बघायचं की सॅम्पलमधला गॅस आधी काढलाय ना, कारण बुडबुडे काचेला चिकटले की हायड्रोमीटर वर उचलला जातो. सॅम्पल बाटलीत घालून चांगलं हलवायचं, फेस बसू द्यायचा, मग वाचायचं. बहुतेक हायड्रोमीटर २० अंशाला सेट केलेले असतात आणि आपली टाकी ३० ला असते, तेव्हा डेन्सिटीत दोन-तीन पॉइंट कमी दिसतं, म्हणजे ०.९९४ दिसलं तर खरं ०.९९६-९७ धरा. कोरडी लाल वाइन साधारण ०.९९२ ते ०.९९६ मध्ये बसते.

आणि एक, डायबिटीसच्या ग्लुकोज स्ट्रिपने साखर बघायचा सल्ला कुणीतरी देतंच. त्या स्ट्रिपला फक्त ग्लुकोज कळतो. द्राक्षात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जवळजवळ निम्मे-निम्मे असतात आणि यीस्ट आधी ग्लुकोज खातं, त्यामुळे अडकलेल्या टाकीत जी साखर उरते ती बहुतेक फ्रुक्टोज. स्ट्रिप म्हणणार साखर नाही, आणि तुम्ही बाटल्या भरणार, आणि उन्हाळ्यात बाटलीतच फर्मेंटेशन सुरू होऊन बुचं उडणार. लॅबमधून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही करून घ्या. बुडबुड्यांवर पण जाऊ नका, मॅलोलॅक्टिकचे (वाइनमधल्या मॅलिक ॲसिडचं लॅक्टिक करणारे) बॅक्टेरिया पण गॅस सोडतात.

हायड्रोमीटर सलग दोन-तीन दिवस हललाच नाही आणि गोडी जिभेला लागतेय, तर हो, अडकलंय. मग पुढचं.

तापमान किती होतं? आत्ताचं नको, गेल्या चार दिवसांचं. आणि कुठे मोजलं? टाकीच्या बाहेरच्या डायलवर २८ दिसतं तेव्हा वर आलेल्या सालींच्या थरात सहा-सात अंश जास्त असू शकतं, थर्मामीटर सालींत खुपसून बघितल्याशिवाय कळत नाही. ३२-३३ च्या वर अल्कोहोल आणि उष्णता दोन्ही मिळून यीस्टचं आवरण खराब करतात, सुरुवातीला ते तग धरतं पण शेवटच्या टप्प्यात १२ टक्के अल्कोहोल झालं की एकदम पडतं. उलटं पण होतं. मार्चमध्ये नाशिककडे दुपारी ३५ आणि पहाटे १५, पत्र्याचं शेड, मध्येच लाइट गेली, चिलर बंद, मग लाइट आल्यावर घाबरून चिलर फुल्ल, तर यीस्टला तो झटका पण सहन होत नाही. लालसाठी २५ ते २८ मध्ये ठेवा आणि शेवटी शेवटी २२-२४ ला हळूहळू येऊ द्या. लाइट जाण्याचा भरवसाच नसेल तर लहान टाकीला ओलं गोणपाट आणि पंखा हे पण चालतं, आमच्याकडे चाललंय.

तापमान ठीक होतं तर मग खरा मुद्दा, आणि मला या पोस्टमध्ये मुख्य हेच सांगायचंय: वाईट सीझनच्या द्राक्षात यीस्टला खायला नायट्रोजन नसतो, आणि हे टाकी अडकल्यावर कळून काही उपयोग नाही, क्रशिंगच्या दिवशीच कळायला हवं.

पावसाचा आणि नायट्रोजनचा काय संबंध ते सांगते. २०२५ चंच घ्या, मुंबईत २६ मेलाच मान्सून आला, इकडे ठाण्यात आम्ही मे महिन्यात छत्र्या काढल्या आणि तिकडे एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (नवीन काड्यांसाठीची छाटणी) ज्या काड्यांना ऊन हवं होतं त्यांच्यावर ढग. घडनिर्मिती त्याच काळात काडीच्या डोळ्यात होत असते. पाऊस पुढे ऑक्टोबरपर्यंत रेंगाळला, गोडी छाटणीनंतर (फळांसाठीची छाटणी) घड जिरले, जे राहिले त्यांच्यावर डाऊनी, मग भुरी (दोन्ही बुरशीचे रोग), पानं गळली. ज्या वेलीला पानंच कमी आहेत ती मणी पिकवणार कशाने. मग शेतकरी साखर यावी म्हणून थांबतो, थांबतो, तोवर ॲसिड उतरतं, पीएच ३.८-३.९ ला जातो, काही मणी मनुकासारखे सुकतात आणि त्याच घडात काही हिरवे राहतात. बुरशी मण्यावर बसली की ती मण्यातला नायट्रोजन आणि थायमिन (यीस्टला लागणारं एक जीवनसत्त्व) स्वतः खाते. वेल जोर करते म्हणून खतातला नायट्रोजन आपण आधीच कमी केलेला असतो. हे सगळं एका घडात जमा होऊन क्रशरमध्ये येतं. २०२३ ला नोव्हेंबरच्या शेवटी निफाडकडे गारपीट झाली तेव्हा फुटलेल्या मण्यांचं पण असंच, जखमेतून बुरशी शिरली की पुढचं गणित सारखंच.

यीस्टला अशा रसात सोडणं म्हणजे उपाशी माणसाला गड चढायला लावणं. पहिल्या टप्प्यात दिसत नाही कारण चढ सोपा असतो.

आता आकडे. यीस्टला वापरता येणारा नायट्रोजन, ज्याला वायनरीवाले यान म्हणतात, तो लिटरमागे १५० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर धोका, आणि २३-२४ ब्रिक्सच्या लालसाठी २०० ते २५० पाहिजे. मोजायला महागडं मशीन लागतंच असं नाही, फॉर्मॉल टायट्रेशन कुठल्याही साध्या लॅबमध्ये होतं: १० मिली रस घ्यायचा, सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ८.२ ला आणायचा, त्यात आधीच ८.२ ला आणलेलं फॉर्मॅल्डिहाइड दोन मिली घालायचं, पीएच खाली येतो, मग ०.१ नॉर्मलने परत ८.२ पर्यंत जायचं. या दुसऱ्या खेपेला लागलेल्या प्रत्येक मिलीला १४० मिलिग्रॅम प्रति लिटर. म्हणजे ०.८ मिली लागलं तर ११२, आणि हे ऐकून मला तरी झोप लागत नाही. फॉर्मॅल्डिहाइड घातक आहे, फ्यूम हूडमध्येच करा, घरच्या किचनमध्ये अजिबात नको. ज्यांना स्वतःला जमत नाही त्यांनी इकडे ठाणे-बेलापूर रोडच्या पट्ट्यात बऱ्याच फूड टेस्टिंग लॅब आहेत त्यांना विचारावं, नाहीतर नाशिकमध्येच मोठ्या वायनरीची ओळख काढावी.

सॅम्पल आणायची पण एक गोष्ट आहे जी कुणी सांगत नाही. भाऊ रस बाटलीत भरून नाशिक-ठाणे बसमध्ये देतो, मी ठाण्यातल्या खोपटच्या एसटी स्टँडवर जाऊन घेते. कसारा घाट उतरून भिवंडीच्या ट्रॅफिकमधून ती बाटली येईपर्यंत आतला रस स्वतःहून फर्मेंट व्हायला लागलेला असतो, बाटली फुगते आणि यीस्टने त्यातला नायट्रोजन खाल्लेला असतो, मग मी जे मोजते ते खोटं. मेटाबायसल्फाइट घालून थांबवावं म्हटलं तर सल्फर डायऑक्साइड फॉर्मॅल्डिहाइडला चिकटतं आणि टायट्रेशनच बिघडतं. म्हणून सल्फाइट घालायच्या आधी रस गाळून घ्यायचा, बाटली तीन-चतुर्थांशच भरायची, फ्रीझरमध्ये रात्रभर घट्ट गोठवायची आणि थर्माकोलच्या बॉक्समध्ये बर्फ घालून पाठवायची. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाल्यापासून कुणी कारने येणारं असेल तर अजून बरं, घाट टळतो. सॅम्पल पण नीट घ्या, एका ओळीतल्या दोन छान घडांचं नको, बागेच्या सगळ्या कोपऱ्यांतून, उन्हाच्या आणि सावलीच्या दोन्ही बाजूंचे शंभर-दोनशे मणी. सुकलेल्या मण्यांतली साखर सालीसकट रसात एक दिवसाने उतरते, त्यामुळे क्रशिंगनंतर २४ तासांनी ब्रिक्स परत बघा, सकाळी २३.५ म्हणून लिहिलेली टाकी दुसऱ्या दिवशी २५ निघते आणि मग अल्कोहोल पण तितकंच वर जातं, ते झेपणारं यीस्ट निवडलेलं नसेल तर अडकायला हे एक कारण पुरेसं आहे.

कमी निघालं तर किती घालायचं? डायअमोनियम फॉस्फेट म्हणजे डीएपीत २१ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे १००० लिटरला १०० ग्रॅम घातलं की २१ मिलिग्रॅमने वाढ. ११२ वरून २०० ला जायचं तर सगळं डीएपीनेच केलं तर ४०० ग्रॅमच्या वर जातं. पण सगळं डीएपीने करू नका, निम्मं तरी यीस्टपासून बनवलेल्या सेंद्रिय न्यूट्रिएंटमधून द्या, नुसता अमोनिया मिळाला की यीस्ट सुरुवातीला बेफाम वाढतं, टाकी तापते, आणि शेवटी इतक्या तोंडांना पुरत नाही. दोन हप्त्यांत द्यायचं: पहिला यीस्ट लागून ब्रिक्स दोन-तीनने उतरला की, दुसरा साखरेचा तिसरा हिस्सा संपला की. दुसऱ्या हप्त्यासोबत पंप ओव्हर करून (टाकीच्या खालचा रस उपसून वर सालींवर सोडून) थोडी हवा द्यायची, कारण शेवटपर्यंत तग धरायला लागणारं आवरण बनवायला यीस्टला त्या वेळी ऑक्सिजन लागतो.

आता कळकळीने सांगतेय, खताच्या दुकानातलं १८:४६ वालं डीएपी टाकू नका. नाव तेच असलं तरी ते शेतासाठी आहे, त्यात जड धातू काय आहेत ते कुणी तपासलेलं नाही. फूड ग्रेडच घ्या. आणि युरिया तर कधीच नाही, "नायट्रोजनच आहे ना" म्हणून कुणी सांगितलं तरी नाही, वाइनमध्ये युरिया आणि अल्कोहोल मिळून एथिल कार्बामेट बनतं आणि ते कॅन्सरच्या संशयितांच्या यादीत आहे.

आणि टाकी अडकल्यावर डीएपी? नाही. अल्कोहोल १० टक्क्यांच्या पुढे गेलं की यीस्ट अमोनिया आत घेऊच शकत नाही. तो तसाच वाइनमध्ये राहतो आणि त्याच्यावर बॅक्टेरिया आणि ब्रेट (वाइन बिघडवणारं एक जंगली यीस्ट) वाढतात. दरवर्षी टाकी अडकते, दरवर्षी डीएपी ओतलं जातं आणि दरवर्षी वाइनला घोड्याच्या तबेल्याचा वास येतो, हे चक्र मी बऱ्याच छोट्या वायनऱ्यांत बघितलंय.

सडक्या अंड्याच्या वासाचं थोडक्यात. तो हायड्रोजन सल्फाइड, आणि त्याची दोन मुख्य कारणं, एक वरचंच नायट्रोजन कमी असणं, दुसरं भुरीसाठी मारलेलं गंधक मण्यावर उरणं. वाइनच्या बागेत काढणीच्या आधी किमान महिनाभर गंधक बंद ठेवा, डाऊनी-भुरीच्या वर्षात हे जड जातं मला माहितीये, पण तेव्हा दुसरी औषधं त्यांचा काढणीपूर्व काळ बघून घ्या. बोर्डो फवारणीतलं (मोरचूद आणि चुना) तांबं पण उशिरा मारलं तर रसात उतरतं आणि यीस्ट मंदावतं. फर्मेंटेशन चालू असताना वास आला तर न्यूट्रिएंट आणि हवा, उघड्या टबात धबधब्यासारखं सोडून पंप ओव्हर, बहुतेक वेळा दोन दिवसांत जातो. कॉपर सल्फेटचा उपाय शेवटी, फर्मेंटेशन संपल्यावर, आधी ग्लासमध्ये ट्रायल घेऊनच, आणि वायनरीच्या केमिस्टशिवाय नाही.

सडका माल आला असेल तर टेबलावर बसून घड निवडा, मजुरी वाढते पण याला पर्याय नाही. क्रशरलाच १००० लिटरला ९० ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घातलं की साधारण ५० मिलिग्रॅम प्रति लिटर सल्फर डायऑक्साइड मिळतं. पीएच ३.८ असेल तर तेवढं पण पुरत नाही, म्हणून टार्टरिक ॲसिड घालून आधी पीएच खाली आणा, लिटरला एक ग्रॅम घातलं की अंदाजे ०.१ ने उतरतो. काढणी पहाटे करा, क्रेट उन्हात ठेवू नका, गार माल आला तर अर्धं काम झालं.

यीस्ट भिजवण्यात पण बऱ्याच टाक्या जातात. पाकिटावर लिहिलेलं असतं तरी सांगते, दहापट पाणी, ३८-४० अंश, थर्मामीटरने मोजून, वीस मिनिटं, मग थोडा थोडा रस घालत थंड करायचं, टाकीच्या आणि यीस्टच्या तापमानात दहा अंशांपेक्षा जास्त फरक नको. क्लोरीनचं नळाचं पाणी वापरू नका.

आणि तरी अडकलंच तर, म्हणजे हे वाचताय तेव्हा टाकी ऑलरेडी पाच ब्रिक्सवर बसलेली असेल तर, घाईत नवीन यीस्टचं पाकीट वरून टाकू नका, १२ टक्के अल्कोहोलमध्ये एकदम पडलेलं ताजं यीस्ट बहुतेक मरतं. आधी व्होलाटाइल ॲसिडिटी (मुख्यतः व्हिनेगरचं ॲसिटिक ॲसिड) बघा. ती ठीक असेल तर वाइन गाळावरून दुसऱ्या टाकीत घ्या, १००० लिटरला २५० ग्रॅम यीस्ट हल्स (यीस्टची रिकामी आवरणं) घाला, ते मेलेल्या यीस्टने सोडलेली विषारी फॅटी ॲसिड शोषून घेतात, एक-दोन दिवस ढवळत ठेवा आणि परत गाळावरून काढा. तापमान २०-२२ ला. मग ईसी १११८ सारखं दणकट यीस्ट, ४०० ग्रॅम, वरच्या पद्धतीने भिजवून. वेगळ्या टबात २५ लिटर अडकलेली वाइन, २५ लिटर चांगलं पाणी आणि साखर पाच ब्रिक्सच्या आसपास यावी इतका गोठवून ठेवलेला ताजा रस (म्हणून क्रशिंगला दोन-चार कॅन रस फ्रीझरला टाकायची सवय लावा), थोडं सेंद्रिय न्यूट्रिएंट, २५ अंश. एकूण टाकीच्या मानाने पाणी अडीचेक टक्के होतं, तरी ते केमिस्टला विचारून आणि रजिस्टरला लिहून. त्यात यीस्ट सोडा. साखर निम्मी झाली की तेवढीच अडकलेली वाइन घाला, परत निम्मी झाली की परत तेवढीच, असं करत दोनशे लिटर झाले की ते सगळं मोठ्या टाकीत. साखर पूर्ण संपू द्यायची नाही, यीस्ट जागं असतानाच पुढचा घास. या सगळ्याला आठवडा जातो, भाऊ वैतागतो, मी फोनवर "अजून नाही, अजून नाही" म्हणत राहते, पण असं केलेल्या टाक्या चालू झाल्यात.

ग्लुकोज-फ्रुक्टोज मिळून लिटरला दोन ग्रॅमच्या खाली आलं, आणि मॅलोलॅक्टिक करायचं असेल तर तेही झालं, की मगच सल्फाइट, आणि टाकी काठोकाठ भरून ठेवा.

व्होलाटाइल ॲसिडिटी आधीच वर असेल, नेल पॉलिश किंवा व्हिनेगरचा वास येत असेल, तर परत सुरू करायचा खटाटोप सहसा फुकट जातो, लॅक्टोबॅसिलसने उरलेल्या साखरेचं ॲसिटिक करायला सुरुवात केलेली असते आणि त्या ॲसिडमध्ये यीस्ट उभं राहत नाही. ती टाकी बाजूला काढा, तिची वाइन चांगल्या टाकीत मिसळून "खपवू" नका, तिचे पाइप आणि पंप वेगळे धुवा, आणि डिस्टिलरीला देता येते का ते वायनरीला विचारा.

पुढच्या सीझनसाठी भावाने आता फुलोऱ्याच्या वेळी देठ परीक्षण करून घ्यायचं ठरवलंय, म्हणजे नायट्रोजन कमी असेल तर जानेवारीच्या आधीच कळेल, आणि काढणीच्या दहा दिवस आधी मण्यांचं पहिलं गोठवलेलं सॅम्पल खोपटला येईल. न्यूट्रिएंटची ऑर्डर त्या आकड्यावरून द्यायची, ऐन काढणीत फूड ग्रेड माल नाशकात मिळेल या भरवशावर राहायचं नाही.